मानसशास्त्र: कला की विज्ञान?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत शाखेवरून चर्चा सुरू होते. मुलगी म्हणते, मला पुढे मानसशास्त्र शिकायचे आहे. अब्बू म्हणतात, "ते सायन्स थोडेच आहे? त्यापेक्षा कॉमर्स बरे." आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत हा विषय कला शाखेत असल्याने त्यांचे म्हणणे वरकरणी पटतेही. पण शाखा ही कॉलेजच्या कारभाराची सोय आहे. एखादा विषय विज्ञान आहे की नाही, हे त्यातली विधाने कशी तपासली जातात यावर ठरते, असे आम्हाला वाटते.

१८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस यांनी स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हे गृहस्थ स्वतःवरच प्रयोग करीत. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचे. तासाभरानंतर ही बचत निम्म्याहून कमी झाली, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश राहिली. पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावला. महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश बचत शिल्लक होती. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा जवळपास तसाच आलेख मिळाला.

ज्या घरात मूल हिफ्ज करते आहे, त्या घराला याचे नवल वाटणार नाही. नवा सबक दिला तरी उस्ताद मागचा दौर सोडू देत नाहीत. त्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. एबिंगहाउस यांनी ते मोजून ठेवले, म्हणून १३० वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते पडताळता आले.

पडताळणी नेहमीच यशस्वी होते असे नाही. २०१५ मध्येच मानसशास्त्रातील १०० प्रयोग नव्याने करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम दिसला होता. फेरप्रयोगात तो जेमतेम ३६ टक्क्यांत दिसला. "बघा, म्हणूनच हे विज्ञान नव्हे," असे म्हणणाऱ्यांना आयतेच कोलीत मिळाले. आम्हाला मात्र ही जमेची बाजू वाटते, कारण ही चूक उघड करणारे मानसशास्त्रज्ञच होते. दुःख एवढेच की असे डळमळीत निष्कर्ष गाइडांत वर्षानुवर्षे छापले जातात आणि मुले ते पाठ करतात.

भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. १९२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसने त्याला वेगळे दालन दिले. शंभर वर्षे झाली, ही बातमी प्रवेशअर्जापर्यंत अजून पोहोचायची आहे!

तेव्हा पालकांनी शाखेपेक्षा शिकवण्याची चौकशी करावी. प्रात्यक्षिके होतात का? संख्याशास्त्र शिकवतात का? नुसत्या फ्रॉइडच्या व्याख्या घोकून पदवी मिळत असेल तर ते विज्ञान नव्हे. पण तसे घोकले तर रसायनशास्त्रही उरत नाही.

याची किंमत पुढे दुसऱ्यालाच मोजावी लागते. महिनोन्महिने झोप नसलेला तरुण, बाळाला जवळ न घेणारी नवी आई, अशांना घरचे आधी "असर झालाय" म्हणून कुठे कुठे फिरवतात. मग दहा दिवसांचा कोर्स केलेल्या एखाद्या समुपदेशकाकडे नेतात. त्या खुर्चीत आपली मुलगी बसणार असेल तर तिला एम.ए. पुरणार नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती देणारा अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. औषधे लिहिण्याचे काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे; त्यासाठी आधी एम.बी.बी.एस. हवे. वाट लांबची आहे, हे मुलीला आजच सांगावे.

आणि फॉर्म भरण्याआधी तिच्याबरोबर कॉलेजात जाऊन या. मानसशास्त्राची प्रयोगशाळा दाखवा म्हणा. कुलपाची चावी शोधण्यातच अर्धा तास गेला, तर दुसरे कॉलेज बघा.