सोनागाछीचा धडा

रोगाची साथ आली म्हणजे समाज दोन गोष्टींच्या शोधाला लागतो. एक औषध आणि दुसरा अपराधी. औषध सापडायला वर्षे लागतात, अपराधी मात्र चार दिवसांत सापडतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता तेव्हा सरकारने गोऱ्या शिपायांकरवी घरे धुंडाळली. लोकांनी काय केले? घरातली आजारी माणसे लपवली. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. त्या सेवेतच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. परीक्षेसाठी आपण या दोन्ही गोष्टी पाठ करतो. पण त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहत नाही. धाकाने रोग लपतो आणि मायेने तो दारात येतो, एवढे तरी त्यातून कळायला हवे होते.

पण एड्सच्या वेळीही आपण तेच केले. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू शोधून काढला. भारतातला तो पहिला पुरावा. शोध मोठा होता. पण लोकांनी त्यातून घेतलेला अर्थ छोटा निघाला. ‘वेश्यांमुळे एड्स होतो’ असे जो तो म्हणू लागला. त्या बायकांना हा रोग कोणी दिला, हा प्रश्न कोणाच्या ओठावर आला नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी घरी गेला की तो पुन्हा कुटुंबवत्सल गृहस्थ होतो ना!

या पार्श्वभूमीवर डॉ. स्मरजित जाना यांचे काम मला फार मोलाचे वाटते. डॉ. जाना हे कोलकात्यातील साथरोगतज्ज्ञ. डॉक्टर एका रोग्याकडे पाहतो, तर साथरोगतज्ज्ञ सगळ्या वस्तीकडे पाहतो. रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही आणि तसे का, याचा तो हिशेब मांडतो. १९९२ साली कोलकात्याच्या ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ’ या संस्थेतर्फे ते सोनागाछी या मोठ्या वेश्यावस्तीत पाहणीसाठी गेले. निरोधचा नियमित वापर तेव्हा शेकडा तीनच्या आसपास आढळला.

अशा वेळी शिकलेला माणूस काय करील? भित्तिपत्रके छापील, व्याख्यान देईल आणि ‘या बायकांना कळतच नाही’ असा शेरा मारून अहवाल पाठवील. डॉ. जाना यांनी त्या बायकांनाच कारण विचारले. तेव्हा जी उत्तरे मिळाली ती वैद्यकाच्या पुस्तकात नव्हती. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हटले तर तो शेजारच्या खोलीत जातो, मग माझ्या पोराने खायचे काय? मालकिणीचे देणे आणि सावकाराचे व्याज कसे फेडायचे? पोलीस आणि गुंड यांच्यापुढे माझे कोण ऐकणार? दहा वर्षांनी होणाऱ्या रोगाची भीती दाखवणाऱ्याला आजच्या रात्रीच्या चुलीचा हिशेब ठाऊक नव्हता.

म्हणजे रोगाचे मूळ केवळ अज्ञानात नव्हते, ते असहायतेत होते. डॉ. जाना यांनी हा प्रश्न व्यवसायातून येणाऱ्या आजारासारखा मानला. गिरणीत कापसाच्या धुळीने कामगाराची छाती भरते तेव्हा आपण त्याच्या नीतिमत्तेची चौकशी करत नाही. काम सुरक्षित कसे होईल ते पाहतो. तोच न्याय येथे का नको? वस्तीतल्याच स्त्रियांना शिकवून त्यांना आरोग्यसेविका केले. अंगात हिरवा कोट आणि हातात ओळखपत्र घेऊन त्या दारोदार जाऊ लागल्या. ज्यांना कालपर्यंत फक्त शिवीने हाक मारली जात होती, त्यांना लोक प्रश्न विचारू लागले. पुढे १९९५ साली या स्त्रियांनी ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ ही स्वतःची संघटना उभी केली. दुर्बार म्हणजे आवरता न येणारी!

त्याच वर्षी त्यांनी ‘उषा’ नावाची सहकारी पतसंस्था काढली. सहकार हा शब्द आम्हां सांगलीकरांना नवा नाही. साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी या साऱ्यांची नावे आम्ही पाळण्यातच ऐकतो. पण या बायकांच्या सहकाराला कायद्याने अडवले. सभासद सच्चारित्र्याचे हवेत, अशी अट होती. गृहिणी म्हणून नोंद करा, प्रश्न मिटेल, असा सल्लाही मिळाला. त्यांनी तो नाकारला, आणि अखेर सरकारलाच वाट काढून द्यावी लागली. सावकाराच्या पाशातून सुटलेली बाई गिऱ्हाइकाला ‘निरोध नसेल तर बाहेर हो’ असे सांगू शकते. शेजारचीही तेच सांगते, मग गिऱ्हाईक जाणार कोठे? पतपेढीचे पासबुक हेही रोगप्रतिबंधाचे साधन ठरते, ते असे.

याचे फळ आकड्यांत दिसते. निरोधचा वापर १९९९ पर्यंत शेकडा नव्वदच्या घरात गेला. मुंबईतील वेश्यावस्त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली होती, त्या काळात सोनागाछीत हे प्रमाण दहा-अकरा टक्क्यांच्या घरात राहिले. याचे सारे श्रेय एकाच प्रकल्पाला देता येईल का, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच आहे. म्हणून संशोधकांनी उत्तर बंगालमधील दोन लहान गावांत पडताळा घेतला. एका गावी सोनागाछीची पद्धत, दुसऱ्या गावी नेहमीची. दोन्हीकडे शंभर-शंभर स्त्रिया. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गावी निरोधचा वापर ३९ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या गावी ११ टक्क्यांनी. आदराने वागण्याचे फळ मोजता येते, हे मला या संशोधनाने शिकवले.

आमच्या सांगलीतही असे काम झाले आहे. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून येथे काम सुरू केले आणि १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. ‘वेश्या’ हा शब्द त्यांनी लपवला नाही, आपल्या नावातच घेतला. आपल्याच गावची ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

काही जण विचारतील, यामुळे वेश्याव्यवसायाला मान्यता मिळत नाही काय? प्रश्न प्रामाणिक आहे. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतही यावर दोन तट आहेत. माझ्यापुरते मी एवढेच म्हणेन, की धंदा चांगला की वाईट हा वाद खुशाल चालू द्या, पण वाद मिटेपर्यंत त्या बाईने मरत राहावे काय? शिवाय अल्पवयीन मुली आणि बळजबरीने आणलेल्या स्त्रिया यांना वस्तीत येऊ न देण्यासाठी दुर्बारच्या स्त्रियांनीच आपली मंडळे नेमली. पोलिसांच्या धाडीला जे दिसत नाही ते वस्तीत राहणारीला दिसते.

हा विषय मी का निवडला, असे मैत्रिणींनी विचारले. मुलीने असल्या विषयावर लिहू नये, असेही सुचवले गेले. माझे कारण साधे आहे. मी आमच्या घरातली पहिली महाविद्यालयात आलेली व्यक्ती. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना खोकल्यासाठी एका दवाखान्यात नेले होते, तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, “अडाणी आहात का? गोळ्या मध्येच का सोडल्या?” उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. गोळ्यांनी चक्कर येत होती, आणि पाठीवर पोते असताना चक्कर येऊन चालत नाही. वडील काही बोलले नाहीत. शिकलेल्यांपुढे त्यांना बोलायची सवय नाही. सोनागाछीविषयी वाचताना मला वडिलांचे ते गप्प राहणे कळले. औषध योग्यच होते. चुकले होते ते विचारणे.

आता तर उपचारही हाताशी आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे सिद्ध झाले आहे. २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून तपासणी करणे आणि बाधितांना भेदभावाने वागवणे याला मनाई केली. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असे बजावले. या प्रकरणात न्यायालयाला सल्ला देणाऱ्या समितीत दुर्बारचाही समावेश होता. तो दिवस पाहायला डॉ. जाना नव्हते. ८ मे २०२१ रोजी कोविडने त्यांचे निधन झाले.

गोळी मोफत असली तरी ती घ्यायला माणसाला खिडकीपर्यंत यावे लागते. खिडकीत हेटाळणीची नजर असेल, तर तो येणार नाही. आपल्याकडे जागतिक एड्स दिनी फेरी निघते, घोषणा होतात, ‘नीतीने वागा, एड्स टाळा’ असे फलक लागतात. हा फलक वाचून बाधित माणूस आणखी दोन पावले मागे सरतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्याऐवजी तपासणी कोठे होते, ती गुप्त राहते आणि औषध फुकट मिळते, एवढे लिहिले तर एखादा जीव वाचेल.

आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील, कोणी तलाठी, कोणी परिचारिका, कोणी अधिकारी. टेबलाच्या अलीकडे आपण असू आणि पलीकडे आपल्याच आईवडिलांसारखी माणसे उभी असतील. पदवीमुळे आपल्याला सांगण्याचा अधिकार मिळेल. पण सांगण्याआधी विचारावे आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबावे, हे पदवीच्या अभ्यासक्रमात नाही. ते सोनागाछीच्या बायकांकडून शिकावे लागेल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला