'कॉम्प्युटर घेत नाही' म्हणजे कोण घेत नाही?

अर्ज घेऊन गेलेल्या एकट्या बाईला हल्ली खिडकीवरून एकच उत्तर मिळते, "कॉम्प्युटर घेत नाही." मी अमरावतीला राहते, अकोल्याच्या एका पतसंस्थेचा जुना डेटाबेस सांभाळते, आणि ठामपणे सांगते की हे उत्तर खोटे आहे.

आमची प्रणाली फॉक्सप्रोतली. लिहिणारे केव्हाच सोडून गेले. तिच्यात 'पती/वडिलांचे नाव' हा रकाना सक्तीचा आहे. सक्तीचा म्हणजे काय? प्रोग्राममध्ये कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली आहे: रकाना रिकामा असेल तर नोंद पुढे जाऊ देऊ नका. ती ओळ माणसाने लिहिली, यंत्राने नव्हे. नवऱ्याने टाकलेली बाई विचारते, "त्यानं मले सोडलं, मंग त्याचं नाव कायले पायजे?" कारकून बिचारा रकान्यात टिंब टाकून मोकळा होतो. पुढे दोन याद्या जुळवताना टिंबाला जोडी सापडत नाही आणि बाई यादीतून गळते. तिला कोणी नाकारले, याची नोंदही राहत नाही.

ती ओळ बदलणे अवघड आहे का? आधी बॅकअप घ्यायचा, ते नाव जिथे जिथे छापले जाते ते रिपोर्ट तपासायचे, जुन्या फॉन्टमधला मजकूर बिघडत नाही ना ते पाहायचे. दोन दिवसांचे काम. मी ते लेखी मांडले. उत्तर आले, "चालू आहे ना? मग हात लावू नका." चालू आहे खरे, पण कोणासाठी?

आमच्या धंद्यात अशा जुन्या प्रणालीला 'लेगसी' म्हणतात. लेगसी म्हणजे वारसा! वारशात बाईच्या वाट्याला काय येते, हे वऱ्हाडात वेगळे सांगायला नको. सातबाऱ्यावर मुलगे भोगवटादारांच्या रकान्यात आणि बहिणी 'इतर अधिकारां'त. नाहीतर थोरल्या भावाच्या नावाला 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लावले की बाकीचे सगळे त्याच्यामागे दडले. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला (तोही तोवर लग्न न झालेल्यांनाच), केंद्राने २००५ साली. तो जन्मापासूनचा आहे, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरी सातबारा संगणकावर चढला तो कागदावर होता तसाच.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सरकारने सक्तीचे केले. म्हणजे मनात आणले की रकाना तयार होतो! लग्न झालेल्या बाईपुढे नवऱ्याचे नाव ही पद्धत मात्र त्याच निर्णयात कायम ठेवली.

तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाशी भांडू नका. कोणते रकाने सक्तीचे आहेत आणि कोणाच्या आदेशाने, हे लेखी मागा. सरकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली मागा, पतसंस्थेत सभासद म्हणून वार्षिक सभेत. आणि नवी प्रणाली घ्यायची चर्चा सुरू झाली की त्या बैठकीत जाऊन बसा. एकदा रकाने ठरले की मग वीस-वीस वर्षे त्यांना कोणी हात लावत नाही.