टॉप मॉडेल की फोर बाय फोर? आधी शेवटचे दोन किलोमीटर बघा



धंद्यासाठी गाडी घेताना डाउन पेमेंट आणि ईएमआय कसा बसवायचा, ते आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न. बजेट ठरलंय, तेवढ्याच पैशात दोन व्हेरिएंट येतात. एकात सुखसोयी जास्त, दुसऱ्यात फोर बाय फोर. घ्यायचं कुठलं?

थार रॉक्सचंच बघा. २०२४ मध्ये ती आली तेव्हा डिझेल मॅन्युअलमध्ये एमएक्स फाइव्ह फोर बाय फोर १८.७९ लाखांना होती आणि एएक्स सेव्हन एल टू व्हील ड्राइव्ह १८.९९ लाखांना. दोन्ही किमती एक्स-शोरूम. त्यानंतर भाव बदललेत, पण पेच तोच आहे.

टॉप मॉडेलमध्ये काय मिळतं? थंड हवेच्या सीट, मोठं पॅनोरमिक सनरूफ, ३६० डिग्री कॅमेरा. शोरूममध्ये बसल्या बसल्या मन भरतं. सेल्समन म्हणतो, "सर, कम्फर्ट बघा!"

इथेच थांबा. सीटचा आराम वेगळा आणि गाडी खड्ड्यातून जाताना कंबरेला मिळणारा आराम वेगळा. दोन्ही व्हेरिएंटच्या सस्पेन्शनची मूळ रचना एकच आहे. फरक आहे तो चाकांत. टॉप मॉडेलला १९ इंची चाकं, खालच्याला १८ इंची. रिम लहान म्हणजे टायरची रबरी भिंत उंच, इथे साधारण १२-१३ मिलिमीटरने. खड्ड्याचा पहिला दणका हे रबरच खातं, आणि दगडात रिम वाकायची भीतीही कमी होते. म्हणजे खराब रस्त्यावर स्वस्त व्हेरिएंट आरामात मागे पडतंच असं नाही!

आता फोर बाय फोर. त्याचा खरा फायदा चिखलात आणि चढावर. चारही चाकांना ताकद जाते, आणि लो रेंजमध्ये टाकलं की गाडी मुंगीच्या पावलांनी पण जोर लावून चढते. पण ब्रेक काही त्याने जास्त लागत नाहीत, हे ड्रायव्हरला नीट सांगा. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून पळवायचंही नाही, गिअरवर ताण येतो. शिवाय वजन वाढतं, ॲव्हरेज थोडं घटतं, आणि ऑइल बदलायची ठिकाणं वाढतात.

मग माझं मत काय? तुमच्या धंद्याचे शेवटचे दोन किलोमीटर बघा.

समजा वेल्हे किंवा आंबोलीच्या बाजूला तुमचं होमस्टे आहे. मुख्य रस्ता सोडला की लाल मातीचा चढ. जुलैमध्ये पाहुणे खाली अडकले, तर बुकिंग गेलं आणि नावही गेलं. अशा माणसाने सनरूफचा मोह सोडावा आणि खालचं फोर बाय फोर घ्यावं.

पण तुमचं फिरणं पुणे-कोल्हापूर हायवेवर असेल आणि वर्षातून दोनदा गावच्या शेतात जाणं होत असेल, तर फोर बाय फोर म्हणजे नुसती मिरवायची वस्तू. त्यापेक्षा चांगले टायर घ्या. दिवसभर गाडीत बसून क्लायंट करणाऱ्याला थंड सीटचा उपयोग रोज आहे.

अजून एक. अशी गाडी स्वतःच्या धंद्याच्या फिरण्यासाठी घेतली, तर जीएसटीचं इनपुट क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. प्रवासी वाहतुकीसाठी घेतली तर नियम वेगळा. बुकिंगआधी सीएला विचारा. क्रेडिट नसेल, तर हौसेचा प्रत्येक रुपया तुमच्याच गल्ल्यातून जाणार आहे.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. घरची तीन-चार माणसं बसवा, तुमच्या नेहमीच्या खराब रस्त्यावर न्या, आणि मागच्या सीटवर स्वतः बसा. ब्रोशरमध्ये न लिहिलेलं बरंच काही तुमची कंबर सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण हिशेबाने!