मोरी तुंबते, दुखणे कोणाचे?

ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब यांवर लिहिले की ते आरोग्याचे लिखाण, आणि मोरी तुंबली की ते प्लंबरचे काम, अशी सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. मला ती मान्य नाही. नवी मुंबईत दवाखाना चालवताना तुंबलेल्या मोरीतून निघालेली दुखणी मी वारंवार तपासतो. ॲसिडने भाजलेली बोटे, तुंबलेल्या पाण्यात वावरल्याने चिघळलेल्या मधुमेही पायांच्या जखमा, डासांनी फोडून काढलेली लहान मुले. औषध मी देतो, पण दुखण्याचे मूळ बेसिनखालच्या पाइपात राहते. म्हणून आजचे सदर मोरीसाठी.

आपले शहर आखीव. १९७० साली सिडको स्थापन झाली, १ जानेवारी १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. परंतु जमीन मात्र पारसिकचे डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधली, बरीचशी सखल आणि सपाट. सांडपाणी स्वतःच्या उताराने वाहते. सपाट जागी तो उतार मिळवायला नळ खोल न्यावे लागतात आणि पुढे पंपाने पाणी उचलून शुद्धीकरण केंद्रात पोहोचवावे लागते. पावसाच्या पाण्याची वाट वेगळी. ते नाल्यांतून आणि धारण तलावांतून खाडीला जाते. ज्या शहरात उतार इतका मोलाचा, तिथे घरातल्या पाइपात आपण काय सोडतो याला फार महत्त्व आहे.

आता मोरी तुंबते कशाने ते पाहू. पहिला गुन्हेगार तेल-तूप. फोडणीची कढई, पुरीचे उरलेले तेल, दिवाळीच्या फराळानंतरचा गाळ आपण गरम असतानाच बेसिनमध्ये ओततो. तेव्हा ते पाण्यासारखे वाहते, म्हणून वाटते गेले. दहा-पंधरा फुटांवर ते थंड होते आणि पाइपच्या अंगाला चिकटते. त्यावर भाताची शिते, पेज, चहाचा चोथा, कणकेचे पाणी बसत जाते. पाण्यातला चुना चरबीशी मिळाला की साबणासारखा टणक गोळा तयार होतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असाच गोळा सापडला. त्याची लांबी सुमारे २५० मीटर आणि वजन सुमारे १३० टन होते. आपल्या घरातला गोळा लहान असतो, पण जात तीच.

दुसरा गुन्हेगार न्हाणीघरात. तिथे केसांचे जाळे आणि साबणाचा साका एकत्र येतात. तिसरे कारण वस्तूंचे. सॅनिटरी पॅड, ओले रुमाल, बाळाचे डायपर, दाढीचे पाते यांपैकी काहीही पाण्यात विरघळत नाही. ओल्या रुमालांच्या पाकिटावर काहीही छापलेले असो, ते कापडच असते.

चौथे कारण बांधकामाचे. जुना ठोकताळा असा की चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंचीला साठ फुटांत एक फूट उतार हवा. घर वाढवताना आपण बेसिन या भिंतीवरून त्या भिंतीवर नेतो, बाल्कनीत धुण्याचे यंत्र बसवतो, आणि पाइप आडवा पडतो. सिडकोच्या कितीतरी बैठ्या घरांची अंगणे खोल्यांत गेली आणि त्यांबरोबर चेंबरही लाद्यांखाली गेले. तुंबले तर उघडायचे कुठून? महिन्या-दोन महिन्यांनी नेमकी त्याच जागी मोरी तुंबत असेल तर दोष केसांचा नव्हे, उताराचा किंवा फुटलेल्या सांध्याचा समजावा.

यावर आपला आवडता उपाय म्हणजे ॲसिडची बाटली किंवा कॉस्टिक सोडा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! केसांचा आणि चरबीचा वरचा थर थोडा जळतो, पाणी दोन आठवडे वाहते, आणि गोळा पुढे सरकून सामाईक पाइपात बसतो. अपाय मात्र खात्रीचा. तीव्र ॲसिडवर पाणी पडले की उकळी फुटून ते अंगावर उडते. आधी ब्लीचिंग टाकलेले असेल तर त्यातून क्लोरीन वायू निघतो, जो छाती जाळतो. कुजलेल्या गाळावर ॲसिड पडले तर सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. म्हणून दोन वेगळी रसायने एकामागून एक कधीही ओतू नयेत. आधी काही ओतले असेल तर प्लंबरला न विसरता सांगावे. त्याचा हात त्याच पाण्यात जाणार असतो.

ॲसिड अंगावर उडाले तर ती जागा वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावी. डोळ्यात गेले तरीही पाणीच, आणि धुऊन झाल्यावर ताबडतोब डॉक्टर. लिंबू, सोडा, टूथपेस्ट लावू नये. मुलाने चुकून घोट घेतला तर ओकारी काढू नये, थेट रुग्णालयात न्यावे. आणि अशी द्रव्ये पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे हा तर घरातच लावलेला सापळा होय.

मग मोरी मोकळी करायची कशी? आधी निदान, मग उपचार. एकच बेसिन किंवा एकच मोरी तुंबली असेल तर अडथळा तुमच्याच ट्रॅपमध्ये आहे. घरातल्या सगळ्या मोऱ्या एकदम तुंबल्या, किंवा संडास ओतल्यावर न्हाणीघरात पाणी वर आले, तर अडथळा खालच्या पाइपात किंवा चेंबरमध्ये. तिथे घरात कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

अडथळा घरातला असेल तर जाळी काढावी, हातमोजे घालून केसांचा गुंता बाहेर ओढावा. बेसिनखालच्या बाटलीसारख्या ट्रॅपखाली बादली ठेवून त्याचे बूच फिरवावे. निम्मा गाळ तिथेच सापडतो. वायसर नीट बसवून बूच पुन्हा लावावे. एवढ्याने भागले नाही तर रबरी पंप. बेसिनचे वरचे भोक ओल्या फडक्याने दाबून धरावे, रबर बुडेल इतके पाणी ठेवावे आणि पंधरा-वीस वेळा जोराने दाबून ओढावे. त्यानंतर प्लंबरची लवचीक स्प्रिंग. उकळते पाणी ओतू नये, प्लॅस्टिकचे पाइप नि सांधे त्याने मऊ पडतात. आणि कोमट पाण्याने चरबी वितळली तरी ती पुढे जाऊन पुन्हा थिजते. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांचा फेस दिसायला छान, पण दोघे एकमेकांना निकामी करतात; गोळा जागच्या जागी राहतो.

ट्रॅप म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. आपल्या मोरीच्या तोंडाशी असलेल्या वाकड्या भांड्याला अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, शब्द आपलाच. त्यात सुमारे दोन इंच पाणी कायम उभे राहते आणि तेवढे पाणी गटारातला वायू, झुरळे आणि जंतू घरात येऊ देत नाही. गावाला जाऊन आल्यावर घरात दुर्गंधी येते याचे कारण बहुधा हेच की ते पाणी सुकलेले असते. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण आढळले. तिथल्या तपासणीत न्हाणीघरांचे सुकलेले ट्रॅप हे रोग पसरण्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. न वापरत्या मोरीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायला काय लागते?

तुंबून राहिलेल्या घाण पाण्यात क्यूलेक्स जातीचे डास वाढतात, हत्तीरोग पसरवणारे तेच. चेंबरची झाकणे फुटली की उंदीर-घुशींना वाट मिळते, आणि त्यांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या भेगेतून शिरले की लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पावसाळ्यात त्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर अंगावर काढू नये, आणि पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

इथवर दुखणे तुमचे-आमचे. परंतु सोसायटीत तेल ओततो चौथ्या मजल्यावरचा आणि पाणी वर येते तळमजल्यावरच्या घरात. आणि त्याच्याही खाली आणखी एक माणूस आहे. चेंबर तुंबले की सेक्रेटरी कुणालातरी फोन करतात, एक-दोन मजूर येतात, बांबूच्या कामट्या घालतात, आणि भागले नाही तर त्यांच्यातला एक अंगावरच्या कपड्यानिशी आत उतरतो. आपण नाकाला रुमाल लावून गॅलरीतून पाहतो.

त्या खड्ड्यात काय असते ते वैद्यकीय दृष्टीने सांगतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असेल तेव्हा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते, आता वास गेला, धोका टळला. त्यापुढे एक-दोन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. पेटती काडी आत सोडून पाहण्याची पद्धत तर फारच घातक, कारण तिथे मिथेन असला तर भडका उडतो, आणि हायड्रोजन सल्फाइड किती आहे हे काडी सांगत नाही.

हे दूरचे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये खाडीपलीकडे गोवंडीच्या एका गृहनिर्माण सोसायटीत सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगारांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. संरक्षक साधने आणि यंत्रे न देता कुणालाही गटार वा सेप्टिक टँक साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी ठेकेदारापुरती नाही, काम देणाऱ्या प्रत्येकाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई तीस लाख केली. पण घरचा कर्ता गेल्यावर ती रक्कम कशाला पुरणार?

माझे मत स्पष्ट आहे. सोसायटीच्या लिफ्टला वार्षिक देखभालीचा करार लागतो, तसाच तो चेंबरलाही लागला पाहिजे, आणि तो जेटिंग यंत्रानेच काम करणाऱ्याशी. ‘दोन मजुरांत काम होते, यंत्राला पैसे कशाला’ हा हिशेब सर्वसाधारण सभेत कुणी मांडला तर उभे राहून त्याला विरोध करावा. चेंबर मे महिन्यात, पावसाआधी साफ करून घ्यावेत. त्यांवर बांधकाम किंवा कायमच्या लाद्या नकोत. गच्चीचे पावसाळी पाणी सांडपाण्याच्या पाइपात सोडू नये. पहिल्याच मोठ्या पावसात ते तळमजल्यावरच्यांच्या घरात उतरते. आणि पाइप कुठून कुठे जातात याचा एक नकाशा सोसायटीच्या कचेरीत लावलेला असावा.

घरासाठी पथ्ये थोडीच आहेत:

१) तेलकट भांडे धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसावे. आमचे वर्तमानपत्रही चालेल, मात्र वाचून झाल्यावर!

२) उरलेले तेल गार झाल्यावर डब्यात साठवावे. मोरीत एक थेंबही नको.

३) बेसिनला बारीक जाळी बसवावी. खरकटे आणि चहाचा चोथा ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत घालावा.

४) न्हाणीघराच्या जाळीवरचे केस रोज उचलावेत.

५) संडासात मलमूत्र आणि पाणी यांखेरीज काही टाकू नये.

६) ही पथ्ये भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही समजावून सांगावीत, आणि जाळी, हातमोजे आपणच आणून द्यावेत.

ही पथ्ये पाळायला दिवसाकाठी पाच मिनिटे लागतात. मधुमेहाच्या रुग्णाला मी नेहमी सांगतो की गोळी उद्या घेऊ म्हणून चालत नाही, साखर आजच वाढत असते. पाइपातल्या चरबीचे तसेच आहे. आज रात्रीची कढई आज रात्रीच पुसावी. ती चरबी खरवडायला उद्या कुणा दुसऱ्याच्या घरचा मुलगा खड्ड्यात उतरू नये.