देव मनात आहे, मग धम्म कशाला?



तुमच्यापैकी काही घरांतून एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. जुना धर्म सोडला हे उत्तम झाले. पण आता नवा तरी कशाला हवा? देव एक आहे, तो मनात आहे. त्याला हात जोडावेत आणि माणसाशी नीट वागावे, एवढे पुरे नाही काय? असे विचारणारे लोक ढोंगी नव्हेत. ज्यांच्या वाडवडिलांना देवळाच्या पायरीवरून हाकलण्यात आले, त्यांना दुसऱ्या कोणत्याही दाराशी उभे राहणे नको वाटावे, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच या प्रश्नाला रागाने नव्हे, तर विचाराने उत्तर दिले पाहिजे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. ईश्वर एक मानावा, मूर्तिपूजा करू नये, असे त्याचे मत होते. त्यातील माणसे विद्वान व सज्जन होती. त्याच समाजातील विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी मिशन काढले, हे आम्ही विसरत नाही. परंतु जात सोडलीच पाहिजे, अशी अट त्या समाजाने सभासदांना घातली नाही. उपासना नवी झाली, घर जुनेच राहिले. न्यायमूर्ती रानडे हे विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. पण 1873 साली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले आणि 11 वर्षांच्या कुमारिकेशी त्यांचा विवाह झाला. हा दोष केवळ एका माणसाचा नव्हे. देव मनात राहिला आणि लग्नाच्या मांडवात सत्ता रूढीचीच चालली.

त्याच 1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. जोतीरावही निर्मिकाला मानीत. मात्र कोणताही धर्मग्रंथ ईश्वराने रचला, हे त्यांना मान्य नव्हते. पण निर्मिक मनात ठेवून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी माणसे जमविली आणि भटजीवाचून लग्ने लावली. ज्यांना बाबासाहेबांनी आपले गुरू मानले, त्या जोतीरावांनाही समाज उभारावा लागला, हे ध्यानात घ्या.

बुद्धाच्या धम्मात सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थान नाही, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. पण खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून चालत नाही. मनातला देव तुमचे त्याच्याशी नाते सांगेल. शेजाऱ्याशी, सुनेशी, दुसऱ्या पोटजातीच्या माणसाशी तुमचे नाते काय, हे कोण सांगणार? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देव नाकारण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच सर्व माणसे समान मानण्याची व समतेसाठी झटण्याचीही आहे. ती एकट्याने घरात बसून पाळता येत नाही.

हक्कांचेही तसेच आहे. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. 1961 साली ती सुमारे 27 लाख 90 हजार झाली. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही मिळाल्या. त्या मागण्यासाठी ‘बौद्ध’ या नावाने उभा असलेला समाज होता, म्हणून मिळाल्या. मनातल्या श्रद्धेची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही, आणि जिची नोंद नाही तिची दाद कोणी घेत नाही.

संविधानाच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला विवेकस्वातंत्र्य दिले आहे. श्रद्धा बळजबरीने बदलत नसते. घरातील म्हातारी आई सांजवेळी दिवा लावून हात जोडीत असेल, तर तिच्याशी भांडू नका. तिला हात धरून वंदनेला घेऊन जा. परंतु मुलाचे नाव ठेवताना, मुलीचे लग्न लावताना, घरातील माणसाला अखेरचा निरोप देताना डळमळू नका. या तीन प्रसंगी जे रिकामे हात राहतील, त्यांना जुनी रूढी धरल्याशिवाय राहणार नाही. धम्म मनात असू द्या. पण तो घरात, वस्तीत आणि कागदावरही दिसू द्या.