गाडी ओरडते तेव्हा



रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीला जाता जाता थाप मारायची आणि ती ओरडू लागली की पळायचे, हा खेळ तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. शाळेच्या फाटकाजवळ मी तो पाहिला आहे, म्हणून "नाही सर" म्हणू नका! या खेळाविषयी मला थोडे बोलायचे आहे. पण आधी गाडी ओरडते कशी, ते पाहू.

मालक रिमोटचे बटण दाबून गाडीला कुलूप लावतो, तेव्हा आतला पहारा सुरू होतो. गाडीच्या प्रत्येक दारापाशी एक छोटा स्विच असतो. दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, तो या स्विचमुळेच. पहारा चालू असताना कोणी दार उघडले, तर हाच स्विच एका लहान इलेक्ट्रॉनिक पेटीला खबर देतो. बोनेट आणि डिकीलाही बहुधा अशीच सोय असते. काच फोडणाऱ्यासाठी बऱ्याच गाड्यांत हादरा ओळखणारा सेन्सर बसवतात. काही सेन्सरांत एक स्फटिक असतो. त्याला हादरा बसला की किंचित वीज निर्माण होते. काही गाड्यांत तर आतल्या आत असा ध्वनी सोडतात, जो आपल्याला ऐकूच येत नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू शकतो. हा त्याच्या पलीकडचा. आत कोणी हात घातला की परत येणारा प्रतिध्वनी बदलतो आणि पेटीला ते कळते.

मग पेटी भोंग्याला वीज पुरवते. भोंगा वाजतो, इंडिकेटरचे दिवे उघडझाप करतात. थोड्या वेळाने सारे शांत होते आणि पहारा पुन्हा सुरू होतो. काही भोंग्यांना स्वतःची वेगळी बॅटरी असते. चोराने गाडीच्या मुख्य बॅटरीची तार तोडली तरी ते गप्प बसत नाहीत.

भोंगा जणू म्हणतो, "खबरदार!" हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही, तेव्हा त्याचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. पण भोंगा हा शब्द नेमका कोणाला उद्देशून म्हणतो? चोराला तर म्हणतोच. पण त्याहून जास्त तुम्हांआम्हांला म्हणतो. यंत्र चोराचा हात धरू शकत नाही. ते फक्त शेजाऱ्यांना हाक मारते.

आमची गल्ली भिवंडीतली. शेजारी यंत्रमागांची खडखड, समोरून ट्रकची ये-जा. शेजारच्या चाचांनी गाडीला असा भोंगा बसवला, पण त्याचा सेन्सर फारच हळवा होता. ट्रक गेला की भोंगा, मांजराने उडी मारली की भोंगा. दिवाळीत तर विचारूच नका. पहिल्या आठवड्यात सगळे खिडकीत येत. महिन्याभरात कोणी कूससुद्धा बदलेना.

एका रात्री दोनच्या सुमारास गाडी ओरडली. मी उशी कानावर घेतली. सकाळी पाहतो, तर मागची काच फुटलेली आणि सीटवरची पिशवी गायब. पिशवीत चाचांच्या मुलीची मूळ प्रमाणपत्रे होती. ऐन प्रवेशाचे दिवस! दुय्यम प्रती मिळाल्या, पण त्यासाठी त्या मुलीला किती खेटे घालावे लागले, ते मी पाहिले आहे. चाचांनी मला विचारले, "मास्टरसाहेब, गाडी तर ओरडली असेल ना?" मी काय उत्तर देणार?

माझे मत असे आहे की, खोटी हाक मारणारे यंत्र नसलेले बरे. शेजाऱ्याची झोप मोडायची असेल, तर त्याला खरे कारण द्यावे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मला तर बिनआवाजी पहारा अधिक पसंत आहे. त्यात किल्लीमध्ये एक चिप असते. तिचा सांकेतिक क्रमांक जुळला नाही, तर इंजिन सुरूच होत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना अशी सोय सक्तीची आहे. अर्थात ती गाडी वाचवते, सीटवरची पिशवी नाही.

आता तुमच्या खेळाकडे येऊ. तुम्ही मारलेल्या प्रत्येक थापेबरोबर गल्लीतला आणखी एक माणूस उशी कानावर घ्यायला शिकतो. तो माणूस मी होतो, म्हणून मला हे ठाऊक आहे.

चाचांनी नंतर गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने सेन्सरवरचा एक छोटा स्क्रू थोडासा फिरवला, बस्स! काम पाच मिनिटांचे होते. त्यानंतर एकदाच गाडी मध्यरात्री ओरडली. मी खिडकीतला दिवा लावला, ११२ क्रमांक फिरवण्यासाठी फोन हातात घेतला आणि खाली पाहिले. समोरच्या घरातही दिवा लागला होता. चाचा स्वतःच गाडीपाशी उभे होते. रिमोट घरात विसरून त्यांनी किल्लीनेच दार उघडले होते.