लसणावर तेल ओतण्यापूर्वी

मैत्रिणींनो, सकाळी डब्याच्या घाईत लसूण सोलत बसायचं म्हणजे अगदी जिवावर येतं. म्हणून एकदाच भरपूर गड्डे भाजून त्यांची पेस्ट करून ठेवायची पद्धत आता बऱ्याच घरांत रुळली आहे. त्यात गैर काहीच नाही. गड्ड्यांना तेलाचा हात लावून जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजले, की पाकळ्या लोण्यासारख्या मऊ होतात, दाबल्या की सालीतून सुटतात. मीठ घालून ठेचल्या की झालं. उग्रपणा गेलेला असतो, त्यामुळे मुलंही भाकरीला लावून खातात.

माझं भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. पेस्ट बरणीत भरायची, वर बोटभर तेल ओतायचं आणि बरणी ओट्यावर ठेवून द्यायची. ‘लोणचं नाही का राहत तेलाखाली?’ असं वर विचारायचं!

अहो, लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. आपल्या कोल्हापुरी चटणीत, म्हणजे कांदा-लसूण मसाल्यातही लसूण असतोच की. पण मिरच्या कडक उन्हात वाळवलेल्या, कांदा तळून पाणी आटवलेला, मीठ सढळ हातानं घातलेलं. म्हणून डंकावरून कुटून आणलेली चटणी हिंगाचे खडे घालून वर्षभर राहते. भाजलेल्या लसणात मात्र ओल असते आणि आंबटपणा नसल्यातच जमा. लसूण मातीत वाढतो. मातीतल्या बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं घरच्या भाजण्यानं मरत नाहीत. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि त्यांना वाढायला नेमकं तेच हवं असतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका हॉटेलात तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर राहिला होता. ३६ जणांना विषबाधा झाली. या विषाला वास नाही की चव नाही. ‘वास घेऊन बघते’ हा आपला हुकमी उपाय इथं चालत नाही. असा आजार क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. एकाची दोन दिसायला लागली, पापण्या जड झाल्या, घास गिळता येईना, तर काढे करत बसू नका, थेट मोठा दवाखाना गाठा.

तेव्हा पेस्ट फ्रिजमध्येच ठेवा, तीन-चार दिवसांत संपेल एवढीच. जास्तीची बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तशी वडी काढा. लिंबू पिळलं म्हणून निर्धास्त होऊ नका, किती आंबट झालं ते घरी मोजता येत नाही. वीज बराच वेळ गेली तर हळहळ न करता टाकून द्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याकडे कितीतरी घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती, ते आठवा.

बचत गटाच्या बायका मला विचारतात, ‘ताई, ही पेस्ट बाटलीत भरून विकू का?’ मी सरळ नाही म्हणते. आंबटपणा तपासून घ्यायची सोय होईपर्यंत चटणीच विका म्हणते. ती करण्यात आपला हात कोण धरणार?